वायंगणातल्या भाजीवर लवंग आणि गवती चहाचं तेल: बुरशीसाठी फवारणी कशी करायची, कुठे करायची नाही

गोव्यात सुगंधी तेलांनी बुरशी रोखायची असेल तर आधी दिनदर्शिका बघा, बाटली नंतर. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ही तेलं पानात मुरून राहत नाहीत. पानावर पातळ थर धरतात आणि थोड्याच दिवसांत उडून जातात. वरून एक जोराची सर आली तर तेवढंही उरत नाही. त्यामुळे सरद (पावसाळी) हंगामात यांच्यावर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. भातकापणी उरकली, शेतात वाफे पडले, मिरची-वांगी-अळसांद्यांची (चवळीची) लावणी झाली की मग ही बाटली उघडायची. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचा हिवाळी हंगाम, हाच या तेलांचा हंगाम.

कुळागरवाल्यांसाठी, म्हणजे पोफळी-मिरीच्या बागावाल्यांसाठी, दोन शब्द आधीच सांगून टाकतो, कारण पहिला प्रश्न त्यांचाच असतो. पोफळीच्या कोळे रोगावर सुगंधी तेल चालत नाही. हा रोग फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या रोगजंतूमुळे येतो, ऐन पावसात येतो आणि घोसातल्या कोवळ्या सुपाऱ्या बघता बघता झाडाखाली पडतात. त्याला पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुना) फवारणी, पुढे चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी, आणि जमेल तिथे घोसांना प्लास्टिकची टोपी, हाच धडा. मिरवेलीच्या (काळ्या मिरीच्या वेलीच्या) जलद मर रोगाचंही तेच. तो मुख्यतः मुळांकडून येतो, पानावरच्या तेलाला तो सहसा सापडत नाही. खोलाची मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर घेतात, तिथेही तेलाचा उपयोग बेताचाच. हरमलची मिरची मात्र हिवाळ्यात सपाट शेतात उभी असते. तिच्यासाठी पुढचं सगळं वाचा.

तेल बुरशीला नेमकं काय करतं

लवंगेच्या तेलात युजेनॉल, गवती चहाच्या तेलात सिट्रल, ओव्याच्या तेलात थायमॉल, दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनामाल्डिहाइड ही मुख्य द्रव्यं. ती स्निग्ध पदार्थात विरघळणारी असल्यामुळे बुरशीच्या पेशीच्या पडद्यात घुसतात, पडदा गळका होतो आणि आतलं द्रव्य बाहेर झिरपतं. बीजाणू रुजण्याच्या वेळी हे घडलं तर रोग पानात शिरतच नाही. बुरशी एकदा पानाच्या आत पसरली की तेल तिथपर्यंत पोचत नाही. थोडक्यात, हे बुरशीला दारावर अडवणारं औषध आहे. घरात घुसलेल्या बुरशीला बाहेर काढणारं नव्हे.

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत यातलं जवळजवळ प्रत्येक तेल बुरशी मारतं, कारण बशीला झाकण असतं आणि वाफ आत कोंडते. शेताला झाकण नाही. म्हणून 'शंभर टक्के नियंत्रण' असे आकडे कुणी दाखवले तर ते बशीतले की शेतातले, हे आधी विचारा.

आधी रोग ओळखा

तेलाने चांगली साथ मिळते ती मुख्यतः भुरीवर. काकडी, दोडकी, दुधी, भोपळा यांच्या पानांवर वरच्या बाजूला पिठूळ गोल ठिपके दिसतात, बोटाने पुसले जातात. ती भुरी पानाच्या पृष्ठभागावरच वाढते, त्यामुळे तेलाच्या तडाख्यात सापडते. अळसांद्यावरची भुरीही तशीच.

मिरचीची भुरी वेगळ्या जातीची. पान वरून बघितलं तर नुसते पिवळट डाग दिसतात. उलटं केलं की खाली पांढरी पावडर. ही बुरशी पानाच्या आत वाढते आणि पावडर दिसते तेव्हा आतलं काम झालेलं असतं. मिरचीवर म्हणूनच रोग दिसायची वाट न बघता, रात्री थंड होऊन सकाळी दव पडू लागलं की पहिली फवारणी करायची. पिकत आलेल्या मिरचीवर खोलगट, वर्तुळाकार काळपट डाग पडतात तो फळकुजीचा करपा. त्यालाही तेलाने थोडा अटकाव होतो, पण रोगट फळं तोडून शेताबाहेर नेल्याशिवाय काही खरं नाही.

मिरचीची पानं आकसून वर किंवा खाली वळली असतील तर ती बुरशी नव्हे. फुलकिडे, कोळी किंवा विषाणूचा तो बोकड्या. त्यावर बुरशीचं औषध मारून उपयोग नाही. शंका असेल तर रोगट आणि निरोगी अशी दोन्ही पानं कागदात गुंडाळून (प्लास्टिकमध्ये नको, घाम येऊन कुजतात) तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत दाखवून घ्या.

तांबड्या भाजीवर तेल मारू नका. तिचं पान कोवळं, आणि एक भाजका ठिपका पडला तरी बाजारात जुडी मागे पडते. वर वासही राहतो.

कोणतं तेल घ्यायचं

शेतासाठी मी दोनच तेलांची शिफारस करीन: लवंगेचं आणि गवती चहाचं. लवंगेतही कळीचं तेल महाग असतं. लवंगेच्या किंवा दालचिनीच्या पानांचं तेल स्वस्त पडतं आणि त्यातही मुख्य घटक युजेनॉलच. ओव्याचं तेल जोरदार आहे, पण पान भाजण्यातही जोरदार. दालचिनीच्या सालीचं तेल कातडीला त्रास देतं, फवारणाऱ्याला ते नको. निलगिरीचं तेल सर्दीला बरं, बुरशीवर मवाळ.

कडुनिंबाचं आणि करंजाचं तेल या यादीत येत नाही. ती बी दाबून काढलेली स्थिर तेलं, उडून न जाणारी. त्यांचा उपयोग आहे, पण प्रमाण, पद्धत सगळं वेगळं. इथलं माप त्यांना लावू नका आणि त्यांचं इथे आणू नका.

बाटलीवर 'फ्रेग्रन्स ऑइल' लिहिलं असेल तर ती उदबत्तीवाल्यांची वस्तू. वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि कोणता भाग वापरला ते छापलेलं हवं. मोठी बाटली घेत असाल तर दुकानदाराकडे घटकांचा अहवाल मागा. लवंगेच्या तेलात युजेनॉल आणि गवती चहाच्या तेलात सिट्रल सत्तर टक्क्यांहून जास्त असायला हवं.

अहवाल मिळाला नाही तरी घरी दोन गोष्टी बघता येतात. गवती चहाच्या तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून दुसऱ्या दिवशी उजेडासमोर धरा. भज्याच्या कागदासारखा तेलकट, आरपार दिसणारा डाग राहिला तर त्यात खायचं तेल मिसळलंय. शुद्ध तेल उडून जातं, फार तर फिकट पिवळी खूण मागे राहते. लवंगेचं तेल सावकाश उडतं, त्याला वेगळी परीक्षा: पेलाभर पाण्यात थेंब सोडा. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड, ते खाली बसतं. वर तरंगत राहिलं तर दुकान बदला. गवती चहाचं तेल मात्र वरच तरंगणार, तो त्याचा धर्म.

तेल रंगीत काचेच्या बाटलीत, घट्ट बुचाने, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवायचं. पातळ प्लास्टिकच्या बाटलीत युजेनॉल ठेवलं तर प्लास्टिक मऊ पडतं. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोपीत ठेवलेलं गवती चहाचं तेल लवकर जुनं होतं, त्याचा लिंबासारखा ताजा वास जाऊन तो उग्र होतो. मग ते फेकून द्या.

घरीच तेल काढावं का? गवती चहा बांधावर उगवतो आणि काजूच्या हंगामाची फेणी गाळायची भाटी अनेकांच्या ओळखीची असते, त्यामुळे हा विचार गोव्यात पटकन मनात येतो. तत्त्व तेच आहे, वाफ करायची आणि थंड करायची. फरक दोन. गवत पाण्यात शिजवायचं नसतं, ते पाण्याच्या वर जाळीवर ठेवून त्यातून वाफ काढायची. आणि खाली जमतं त्यात पाणी जास्त, वर तेलाचा थर अगदी पातळ. तो वेगळा करायला तोटीची अरुंद बरणी लागते. शंभर किलो ताज्या गवतातून साधारण तीनशे ते पाचशे ग्रॅम तेल निघतं. जळण आणि मजुरी धरली तर एकट्यादुकट्याला ते परवडत नाही. पाच-सहा शेतकरी मिळून एक वेगळं भांडं घेत असतील तर बघावं. वेगळंच घ्या. फेणीच्या भाणात (गाळायच्या भांड्यात) एकदा गवती चहा घातला तर पुढची फेणी कुणी पिणार नाही.

मिश्रण: सगळा खेळ इथे

तेल पाण्यात विरघळत नाही. बाटलीतून सरळ पंपात ओतलं तर ते वर तरंगतं किंवा तळाशी बसतं. शेताच्या एका टोकाला नुसतं पाणी पडतं आणि दुसऱ्या टोकाला निव्वळ तेल. त्या टोकाची झाडं दुसऱ्या दिवशी होरपळलेली दिसतात. लवंगेचं तेल परदेशात जास्त तीव्रतेला तणनाशक म्हणूनही विकलं जातं, यावरून काय ते समजा.

म्हणून इमल्सिफायर, म्हणजे तेल पाण्यात मिसळून धरणारं द्रव्य, हवा. पॉलिसॉर्बेट-८० (बाजारात ट्वीन-८० म्हणून मिळतं) हा मधासारखा दाट, पिवळसर द्रव सगळ्यांत सोपा. प्रमाण तेलाइतकंच. सोळा लिटरच्या पंपाला, लिटरला एक मिली या हिशेबाने, सोळा मिली तेल आणि सोळा मिली पॉलिसॉर्बेट. मोजायला सुई काढलेली सिरिंज वापरा, बाटलीच्या बुचाचा अंदाज नको.

कोरड्या काचेच्या बरणीत आधी दोन्ही एकत्र करा. पाणी अजून नाही. बांबूच्या काडीने दोन-तीन मिनिटं ढवळलं की दोन्ही एकजीव होऊन द्रव स्वच्छ दिसतो. मग कोमट पाणी, चमच्या-चमच्याने. पहिल्या काही चमच्यांना ते जेलीसारखं घट्ट होऊ शकतं, घाबरू नका, घालत राहा. हळूहळू पातळ होऊन दुधासारखं पांढरं होतं. अर्धा लिटर झालं की झाकण लावून जोरात हलवा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. वर तेलाचं सोनेरी कडं दिसलं, किंवा लवंगेच्या बाबतीत तळाशी थेंब जमले, तर आणखी पाच मिली पॉलिसॉर्बेट घालून पुन्हा हलवा. काहीच वेगळं झालं नाही तर पंपात आधी अर्धं पाणी, त्यावर हे मिश्रण, मग उरलेलं पाणी.

पॉलिसॉर्बेट मिळालं नाही तर रिठा चालतो. रिठ्याची टरफलं रात्री भिजत घालून सकाळी चुरून, फेसाळ पाणी गाळून घ्यायचं. पण मिश्रण तासाभरात फुटू लागतं, पंप सतत हलवत राहावं लागतं. पोटॅशचा मऊ साबणही चालतो, फक्त गोड्या पाण्यात. खाजनाजवळच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताजवळच्या) किंवा किनाऱ्यावरच्या विहिरींचं पाणी मार्च-एप्रिलमध्ये मचूळ होतं, त्यात साबण फाटतो आणि नोझल तुंबतं. पॉलिसॉर्बेटला खारेपणाचा तेवढा त्रास नाही. कपडे धुण्याची पावडर मात्र कधीच नको. ती स्वतःच पान जाळते.

मिश्रण त्याच दिवशी संपवा. उरलेलं उद्यासाठी ठेवू नका.

सगळ्या शेतावर जाण्याआधी

पाच-पाच झाडांचे गट करा. एकावर लिटरला अर्धा मिली, दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर दोन. चौथ्यावर फक्त इमल्सिफायर आणि पाणी, पाचव्यावर काहीच नाही. दोन दिवस थांबून पानांच्या कडा आणि कोवळे शेंडे बघा. कड तपकिरी झाली, शेंडा वळला, फूल गळलं तर ते प्रमाण त्या पिकाला जास्त. काकडीवर्गातली पानं मिरचीपेक्षा लवकर भाजतात. बहुतेक ठिकाणी लिटरला एक मिली ठीक बसतं. दोनच्या वर जाऊ नये.

चौथा गट लोक वगळतात, आणि तोच महत्त्वाचा. साबण किंवा इमल्सिफायर एकट्यानेही भुरी थोडी धुऊन काढतो. चौथ्या आणि दुसऱ्या गटात पंधरा दिवसांनी काहीच फरक दिसत नसेल, तर तुम्ही लवंगेचे पैसे उगाच घालताय.

फवारणी

वेळ संध्याकाळची, साडेचार-पाचनंतर. उन्हात तेल पटकन उडतं आणि पान भाजतं. सकाळी पान दवाने ओलं असतं, मिश्रण ओघळून जातं. शिवाय संध्याकाळी मधमाश्या परतलेल्या असतात. रात्रीचं दव पडायच्या आत पान सुकेल एवढा अवधी ठेवा. वारा वाहत असेल तर थांबा.

हॉलो कोन (पोकळ शंकूसारखा तुषार देणारं) नोझल लावा, तुषार बारीक हवेत. पानाच्या खालच्या बाजूला आधी मारायचं, नोझल वर वळवून, मग वरून. पान भिजावं, पण टोकाशी थेंब जमून गळू नयेत; गळले तर तो थेंब ज्या जागी थांबतो तिथेच डाग पडतो. पंप मध्ये मध्ये हलवायचा. ज्या पंपाने कधी तणनाशक मारलंय तो यासाठी वापरू नका, कितीही धुतला तरी.

हजार चौरस मीटरच्या भाजीला साधारण पन्नास लिटर द्रावण पुरतं, म्हणजे पन्नास मिली तेल. आठवड्याने पुन्हा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कधी अवकाळी सर येते. ती आली तर दिवस न मोजता पान सुकल्यावर परत फवारा. ओळीने पाच-सहा फवारण्या धरून खर्च मांडा आणि मग ठरवा. काजू, आंबा यांसारख्या मोठ्या झाडांवर हा हिशेब बसत नाही. मानकुरादच्या मोहोरावरच्या भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक स्वस्त आणि खात्रीचं आहे, तिथे तेलाचा हट्ट धरू नका.

गंधकावरून आठवलं: गंधक मारलेल्या पिकावर दोन आठवडे तेल नको, आणि तेल मारलेल्यावर दोन आठवडे गंधक नको. दोन्ही एकत्र आली की पान करपतं. बोर्डोतही तेल मिसळायचं नाही. ट्रायकोडर्मा ही उपकारक असली तरी बुरशीच. तेलाला मित्र आणि शत्रू यांतला फरक कळत नाही. ट्रायकोडर्मा शेणखतातून मातीत द्या, तेल पानावर ठेवा, आणि दोन्हींच्या मध्ये आठवडाभर जाऊ द्या. जीवामृतात तेल घालणाऱ्यांना तर हात जोडून सांगावंसं वाटतं की, ज्या जिवाणूंसाठी ते आंबवलं त्यांनाच का मारता?

तेलाच्या जोडीला शेतातली साधी कामं सुटू नयेत. मिरचीचं अंतर वाढवा, खालची पिवळी पानं काढा, पाणी सरीत द्या, पानांवर शिंपडू नका. हवा खेळती राहिली तर तेलाचं निम्मं काम तिथेच होतं.

काढणी आणि साठवण

शेवटच्या फवारणीनंतर पाच-सात दिवस काढणी नको. हे विषापेक्षा वासासाठी: काकडीला लवंगेचा वास आला तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. मिरची सुकवायला टाकताना बुरशी येते ती ओलाव्यामुळे. तिथे तेल शिंपडू नका, चटई जमिनीपासून उचला आणि रात्री आत घ्या. आंब्यावर पिकताना येणाऱ्या काळ्या डागांसाठी साधारण बावन्न अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाच ते दहा मिनिटं बुडवून सावलीत वाळवणं हा जुना, भरवशाचा उपाय. त्याला तेलाची गरज नाही, थर्मामीटरची आहे.

हात, डोळे, कागदपत्रं

'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी नव्हे. निव्वळ लवंगेचं तेल कातडी भाजतं, डोळ्यांत गेलं तर फारच वाईट. मिश्रण करताना नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा, फवारताना तोंडावर मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. तेल पेट घेतं, चुलीजवळ मिश्रण करू नका. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. घरात मांजर असेल तर तिलाही लांब ठेवा, मांजरांना ही तेलं सोसत नाहीत.

तुमच्याकडे सेंद्रिय प्रमाणपत्र असेल, तर वापरण्याआधी प्रमाणन संस्थेला तेलाचं आणि इमल्सिफायरचंही नाव कळवून लेखी होकार घ्या. इमल्सिफायरवर आक्षेप येऊ शकतो, आणि तो तपासणीच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. स्वतः काढलेलं तेल बाटल्यांत भरून 'बुरशीनाशक' म्हणून शेजाऱ्यांना विकायचा विचार असेल तर १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते.

पंप धुतलेलं पाणी पोंयीत, ओहोळात किंवा विहिरीच्या काठाला ओतू नका. ही द्रव्यं माशांना आणि सुंगटांना (कोळंबीला) घातक आहेत. शेताच्या कोपऱ्यात, पाण्यापासून लांब, कोरड्या मातीत ते जिरू द्या, आणि पंपात साध्या पाण्याचे आणखी दोन फेरे काढून नोझल उघडं करून वाळत ठेवा.